रुबाबाचे गारूड

वैशाख लागला की आमच्या चांदनीला दोन गोष्टी ठरलेल्या असतात. रानातला मोह गळून संपलेला असतो आणि शहरांतली नातवंडे घरी आलेली असतात. मोहाचा वास चार-आठ दिवसांत विरून जातो. नातवंडांनी बरोबर आणलेले वारे मात्र पुढे कितीतरी दिवस घरात फिरत राहते. यंदा थोरल्या वहिनींचा नातू इंदूरहून आला तो आपल्या लॅपटॉपमध्ये एक चित्रपट भरूनच. रात्रीची जेवणे उरकल्यावर त्याने ते यंत्र स्टुलावर मांडले आणि म्हणाला, "धाकटे आजोबा, तुम्हांला जुनी मुंबई आवडते ना? मग हा पाहाच. आजी, तूही ये."

चित्रपट होता अनुराग कश्यप यांचा ‘बॉम्बे व्हेल्वेट’. १५ मे २०१५ रोजी तो प्रदर्शित झाला आणि तिकीटखिडकीवर साफ कोसळला, ही गोष्ट नातवाने आधीच सांगून टाकली. परंतु त्याच्या लेखी तो दोष लोकांचा होता, चित्रपटाचा नव्हे. दारूबंदीच्या काळातली मुंबई, तिथला झगमगता क्लब, जॅझचे वाद्यवृंद, गाणारी रोझी, आणि रस्त्यावरच्या मारामाऱ्या करून वर चढलेला जॉनी बलराज. ती मुंबई प्रत्यक्षात श्रीलंकेत उभारलेली होती, हे कळूनही माझी नजर पडद्यावरून हलेना. त्या ट्राम, त्या पाट्या, ते कोट! खोटे कशाला बोलू, मीही रंगलो होतो.

या चित्रपटात आणखी एक चित्रपट आहे. जॉनी एका छबीगृहात बसून ‘द रोअरिंग ट्वेंटीज’ हा १९३९ सालचा अमेरिकन बोलपट पाहतो. राउल वॉल्श यांनी दिग्दर्शित केलेल्या त्या बोलपटात जेम्स कॅग्नीने महायुद्धावरून परतलेल्या एका बेकार शिपायाचे काम केले आहे. नोकरी मिळत नाही म्हणून तो टॅक्सी चालवतो, टॅक्सीतून चोरटी दारू पोचवू लागतो, बडा माणूस होतो आणि शेवटी चर्चच्या पायऱ्यांवर मरून पडतो. जॉनी त्यातले मरण पाहत नाही. त्याला बडेपण तेवढे दिसते.

चित्रपट संपला. नातू आमच्या तोंडांकडे पाहू लागला. वहिनी पंचाऐंशीच्या घरात आहेत. त्या संपूर्ण वेळ एक अक्षर बोलल्या नव्हत्या. उठता उठता म्हणाल्या, "कपडे फार सुरेख शिवलेत हो. पण ते धुतं कोण, ते काही दाखवलं नाही."

नातू हसला. मला मात्र हसू आले नाही. त्याचे कारण सांगायचे तर सत्तर वर्षे मागे जावे लागेल.

आमचे वडील रेल्वेत होते, त्यामुळे आम्ही चांदनीचे झालो. जवळच नेपानगरला वृत्तपत्री कागदाचा देशातला पहिला कारखाना उभा राहत होता. १९५५ साली तिथे कागद निघू लागला आणि १९५६च्या एप्रिलमध्ये पंडित नेहरू येऊन तो राष्ट्राला अर्पण करून गेले. त्याच साली १ नोव्हेंबरला राज्यांची नवी मांडणी झाली. नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात गेले आणि निमाडातले आम्ही मराठी लोक मध्य प्रदेशातच राहिलो. कारखान्यामुळे परिसरात वस्ती वाढली आणि वस्तीमागोमाग तंबूतला फिरता सिनेमा आला. त्या तंबूत दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, मला ‘बाजी’ दाखवला. चित्रपट १९५१चा, आमच्यापर्यंत पोचायला त्याला चार-पाच वर्षे लागली होती. गुरुदत्त यांचे ते पहिलेच दिग्दर्शन, आणि कथा-पटकथेला बलराज साहनींचा हात. देव आनंद त्यात मदन नावाच्या जुगाऱ्याच्या भूमिकेत होता. घरी बहीण आजारी, हाती पैसा नाही, पण पत्ते टाकताना हात असा चाले की सगळा तंबू श्वास रोखून बसे.

निमाडच्या माणसाला या बाबतीत आधीपासूनच थोडा अभिमान होता. खंडव्याच्या गांगुली वकिलांचा मुलगा अशोककुमार १९४३च्या ‘किस्मत’मध्ये चक्क खिसेकापू झाला होता, आणि तो बोलपट कलकत्त्याच्या रॉक्सी छबीगृहात तीन वर्षांहून अधिक काळ चालला. आपल्या शेजारच्या गावचा सद्गृहस्थ चोराचे काम करतो आणि सारा देश त्याच्यावर लोभ करतो, याचे आम्हांला कौतुकच होते.

‘बाजी’ पाहून आल्यावर दादाने एक टोपी पैदा केली. ती डोक्यावर तिरपी ठेवून, एक भुवई उंचावून तो फलाटावर फेऱ्या मारी. खंडव्याच्या स्टुडिओत त्याने त्या टोपीसह फोटोही काढून घेतला. मी बारा-तेरा वर्षांचा होतो. माझ्या लेखी जगात त्याच्याहून देखणा माणूस नव्हता.

हे गारूड कशाचे असते? पुष्कळ विचार केल्यावर मला असे वाटते की ते गुन्ह्याचे नसते. खून, लाच, दगाबाजी यांची हौस कोणत्याही प्रेक्षकाला नसते. गारूड असते ते बेफिकिरीचे. आमच्यासारख्या घरांत मुलाला लहानपणापासून वाकायला शिकवलेले असते. साहेबापुढे वाकायचे, सावकारापुढे वाकायचे, परप्रांतात राहतो म्हणून स्थानिकांपुढे थोडे अधिकच वाकायचे. पडद्यावरचा तो माणूस मात्र वाकत नाही. तो दार ढकलून आत येतो, टोपी काढत नाही, आणि सगळे त्याला उठून जागा देतात. गरिबाच्या पोराला त्यातला कोट दिसतो तो कोट म्हणून नव्हे; कोणीतरी असल्याची ती खूण असते. ही इच्छा खोटी नाही आणि वाईटही नाही. म्हणून असल्या चित्रपटांना नुसती नाके मुरडून काही साधत नाही.

चित्रपट काढणाऱ्यांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. अमेरिकेत दारूबंदी १७ जानेवारी १९२० पासून ५ डिसेंबर १९३३ पर्यंत होती. या तेरा-चौदा वर्षांत शिकागोचा अल कपोन गब्बर झाला. १९२९च्या १४ फेब्रुवारीला त्याच शहरातल्या एका गॅरेजमध्ये टोळीयुद्धातून सात माणसांना भिंतीशी उभे करून गोळ्या घातल्या गेल्या. कपोन अखेर १९३१ साली अडकला तो प्राप्तिकर चुकवल्याबद्दल, आणि त्याला अकरा वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी कॅग्नीचा ‘द पब्लिक एनिमी’ लागला. आम्हांला गुन्हेगाराचा गौरव करायचा नाही, अशा आशयाची पाटी त्याच्या आरंभी घातलेली आहे. पुढच्या वर्षीच्या ‘स्कारफेस’ला तर ‘राष्ट्राची लाज’ असे उपशीर्षकच जोडावे लागले. प्रेक्षकांनी पाटी वाचली, आणि घरी जाताना आठवणीत ठेवली ती कॅग्नीची चाल. आज आपल्याकडेही पडद्याच्या कोपऱ्यात मद्यपान आरोग्यास हानिकारक असल्याची ओळ येते. ती येते तेव्हा आपण कुणाच्या हातातला पेला पाहत असतो, ते प्रत्येकाने स्वतःलाच विचारावे.

दादा १९५८ साली मुंबईला गेला. एका कापडाच्या पेढीत त्याला कारकुनी मिळाली आणि गिरगावातल्या चाळीत एक खोली. पुढच्या वर्षी लग्न झाले, वहिनी तिथे गेल्या. ती मुंबई दारूबंदीची होती. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळात मोरारजी देसाई गृहमंत्री असताना १९४९चा दारूबंदी कायदा आला आणि १९५०च्या एप्रिलपासून मुंबई राज्यात संपूर्ण बंदी झाली. प्रकृतीच्या कारणासाठी परवाना मिळे; ज्याला डॉक्टरची चिठ्ठी आणि पैसा परवडे त्याची सोय होई. बाकीच्यांसाठी होती हातभट्टी. काळा गूळ आणि नवसागर यांची ती दारू खाडीकाठच्या झाडीत गळे, सायकलच्या रबरी ट्यूबांत भरून शहरात येई आणि घराघरांतल्या अड्ड्यांवर नवटाक-नवटाक विकली जाई. काही अड्डे ख्रिस्ती वस्त्यांतल्या बायका चालवत. सगळी मुंबई त्यांना ‘आंटीचा अड्डा’ म्हणे. बंदीच्या या धंद्यातूनच पुढे वरदराजन मुदलियारसारखे लोक मातब्बर झाले. त्याच्या जीवनावरून सुचलेला मणिरत्नम यांचा ‘नायकन’ १९८७ साली निघाला आणि पुढच्याच वर्षी त्याचा हिंदी ‘दयावान’. धंद्याचे चित्रपट झाले, चित्रपटांचे पुन्हा धंद्याला वलय मिळाले.

दादा मला अंतर्देशीय पत्रे लिही. काय लिही! दारावर ठरावीक पद्धतीने टकटक करायची, मग फट उघडते, डोळा दिसतो. आत पंधरा पॉवरचा दिवा, मीठ लावलेले उकडलेले चणे, भिंतीवर मेरीची तसबीर. शिट्टी वाजली की सगळे मागच्या जिन्याने पसार. कोणत्याही पटकथाकाराला हेवा वाटावा अशी ती पत्रे होती. मी ती नेपानगरच्या मित्रांना पारावर बसून वाचून दाखवी. माझा भाऊ चित्रपटात राहतो, असे मला वाटे. त्या पत्रांत वहिनींचा उल्लेख शेवटच्या ओळीत असे: ‘इकडील सर्व क्षेम.’ आणि मी उत्तरात कधी एका शब्दाने विचारले नाही की वहिनी कशा आहेत.

१९६७ साली वहिनी दोन वर्षांच्या मुलाला घेऊन चांदनीला परत आल्या. हातांत काचेच्या दोन बांगड्या होत्या, बाकी काही नाही. तीन वर्षांनी दादाही आला. तोवर मुंबईतली बंदी बरीच सैल झाली होती, पण त्याला आता कायद्याशी काही देणेघेणे उरले नव्हते. १९७४ साली यकृताच्या विकाराने तो गेला. चाळिशी नुकतीच उलटली होती. आम्ही नातेवाइकांना कळवले: पोटाच्या दुखण्याने वारले. पुढे पन्नास वर्षे आमच्या घरात हेच सांगितले गेले.

मराठी माणसाला दारूची कथा काही नवी नाही. राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. अमेरिकेत बंदी लागू होण्याच्या जेमतेम वर्षभर आधीची ही गोष्ट. गडकरी स्वतः तो प्रयोग पाहू शकले नाहीत. त्याच वर्षी जानेवारीत ते आमच्या जुन्या मध्यप्रांतातल्या सावनेर येथे निवर्तले होते. या नाटकातही मौज कमी नाही. तळीराम आणि त्याचे आर्य मदिरा मंडळ यांचे प्रवेश सुरू झाले की प्रेक्षागृह हसून लोटपोट होते. मद्यप्यांची बाजू गडकऱ्यांनी दुबळी केली नाही. पण त्यांनी नाटकाच्या मध्यभागी बसवली ती सिंधू. बालगंधर्व ती भूमिका करीत. इतर नाटकांतल्या त्यांच्या शालूंची आणि अलंकारांची नक्कल घरंदाज बायका करीत असत. वेशभूषेतला शेवटचा शब्द त्यांचा. तेच बालगंधर्व सिंधू म्हणून ठिगळाच्या लुगड्यात जात्यापुढे येऊन बसत. रुबाब म्हणजे काय हे ज्याला सर्वांत अधिक कळत होते, त्याने तो उतरवून ठेवला तेव्हा नाटकाला बळ आले.

वहिनींच्या त्या एका वाक्याचा अर्थ मला इथे लागला. रुबाबदार टोळीपटात सुधाकर असतो, तळीरामही असतो. सिंधू मात्र चौकटीबाहेर असते. नायकाची प्रेयसी असते, पण ती गाते, नाचते, गोळी लागून मरते. सकाळी उठून त्याचा ओकारीने भरलेला सदरा कोणी धुताना दिसत नाही. तसे दाखवायला बंदी आहे असे नव्हे. ते दाखवले की कोटाची इस्त्री मोडते, एवढेच.

आणि ही गोष्ट जुन्या काळाची म्हणून सोडून देण्यासारखीही नाही. ‘बॉम्बे व्हेल्वेट’ लागला त्याला जेमतेम महिना झाला होता. जून २०१५ मध्ये त्याच मुंबईत, मालाडच्या मालवणी भागात, मिथेनॉल मिसळलेली गावठी दारू पिऊन शंभराहून अधिक माणसे मेली. मिथेनॉल आधी डोळ्यांच्या मज्जातंतूंवर जाते. वाचलेल्यांचीही दृष्टी जाण्याचा धोका असतो. मेलेले बहुतेक हातावर पोट असलेले मजूर. त्यांच्या अंगावर कोट नव्हते, म्हणून त्यांच्यावर कोणी टोळीपट काढणार नाही.

यावर कोणी म्हणेल, मग बंदीच चुकीची होती. इतके सोपे उत्तर मला देता येत नाही. बंदीने आंटीचे अड्डे निर्माण केले हे खरे. पण बंदी मागणाऱ्यांत सिंधूच्या लेकी पुष्कळ होत्या, हेही तितकेच खरे. गडचिरोलीत मोठ्या चळवळीनंतर १९९३ पासून जिल्हाभर दारूबंदी आली. महाराष्ट्रात गावोगावच्या बायका मतदान करून ‘आडवी बाटली’ करतात आणि दुकान बंद पाडतात. १९४९चा कायदा आजही महाराष्ट्र दारूबंदी कायदा या नावाने पुस्तकात आहे आणि पिण्यासाठी परवाना लागतो असेच तो म्हणतो. आमच्या मध्य प्रदेशात १ एप्रिल २०२५ पासून उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर यांसारख्या तीर्थक्षेत्रांतली दारूची दुकाने बंद झाली. आणि इथल्याच रानात आदिवासींना घरच्या वापरापुरती मोहाची दारू गाळण्याची मुभाही आहे. कायदा कुठे कसा असावा यावर शहाण्यांनी वाद घालावा. मी लिहितो आहे ते घराबद्दल.

त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी सुपारी कातरत बसल्या होत्या. नातू बाजूला मोबाइल चाळत होता. मी धीर करून म्हटले, "वहिनी, दादा मला मुंबईहून पत्रं लिहीत असे. अड्ड्यांची वर्णनं असत त्यांत. मी ती लोकांना वाचून दाखवायचो. तुमची चौकशी कधी केली नाही. साठ वर्षं झाली, पण आज सांगतो. चुकलंच माझं."

अडकित्ता थांबला नाही. त्या म्हणाल्या, "ती पत्रं चिकटवून पेटीत टाकायचं काम माझंच असे, भाऊजी. वाचलीत मी. सुरेख लिहायचे ते. वाचताना मलाही वाटायचं, बाहेर असंच असेल. मग रात्री ते घरी यायचे."

नातवाने मोबाइल खाली ठेवला. "आजी, आजोबा पोटाच्या आजाराने गेले ना?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिले. मी मान खाली घातली. सांगण्याचा अधिकार त्यांचा होता. त्यांनी आत जाऊन ट्रंकेतून तो टोपीतला फोटो आणला आणि त्याच्या हाती दिला. "बघायला आले तेव्हा हीच टोपी हातात धरून उभे होते," त्या म्हणाल्या, "आणि मला आवडले होते." मग त्यांनी सगळे सांगितले. अड्डा, उधारी, विकलेल्या पाटल्या, चाळीच्या जिन्यावर झोपलेला माणूस, आणि पहाटे नळावर कोणी येण्याच्या आत धुऊन टाकलेले सदरे. दादाला त्यांनी एकदाही वाईट म्हटले नाही. चार वाजता चहा झाला, तरी पोरगा जागेवरून उठला नव्हता.

नातवाला तो चित्रपट अजूनही आवडतो. त्याने तो पुन्हा पाहिला तर माझी हरकत नाही. बहुधा मीही शेजारी बसेन. परंतु वाचकहो, आपल्या घराघरांतून अशी ‘पोटाची दुखणी’ पुष्कळ असतील. अब्रूसाठी आपण ती झाकली. झाकलेल्या जागी मुलांना काहीच दिसत नाही, आणि मग तिथे पडद्यावरचा कोट येऊन बसतो. घरात कोणी वहिनी, कोणी मावशी, कोणी आजी अजून बोलती असेल तर मुलांना तिच्याजवळ बसवावे. तिला सांगावेसे वाटले तर सांगू द्यावे. आमच्या घरी त्यासाठी एक पडेल चित्रपट कारणी लागला, याबद्दल मी तो काढणाऱ्यांचा ऋणी आहे.

फोटो परत ट्रंकेत गेलेला नाही. वहिनींनी तो सध्या कपाटावर उभा करून ठेवला आहे.